धुराला गाळणी नसते



पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा झाला. सगळ्या उठल्या तरी एक ताई बसूनच राहिल्या. दार लोटून घेतलं आणि त्यांनी पिशवीतून पाण्याची एक प्लास्टिकची बाटली बाहेर काढली. बाटलीच्या पोटाला भोक पाडून त्यात बॉलपेनची नळी खुपसलेली होती. तळाशी चहासारखं पिवळट पाणी. ताईंच्या मुलाच्या कपाटात ती सापडली होती. मुलगा एकोणीस वर्षांचा, पनवेलच्या कॉलेजात जाणारा. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, हे विडीसारखं नाही. पाण्यातून येतं, धूर साफ होतो. आणि झाडपालाच आहे, साधूसुद्धा ओढतात."

ताई रडल्या नाहीत. त्यांनी आम्हाला एवढंच विचारलं, "पाण्यातून ओढलं तर खरंच कमी लागतं का गं?"

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. "गांजा वाईट" एवढं प्रत्येकीला ठाऊक होतं, पण का वाईट, किती वाईट, चिलमीचा आणि विडीचा फरक काय, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. घरात त्याचं नाव काढायची लाज, बाहेर काढायची भीती. मग आम्ही ठरवलं की या एका प्रश्नाचा छडा लावायचा. डॉक्टरांना विचारलं, वाचनालयात बसलो, इंग्रजी अहवाल शाळेतल्या बाईंकडून समजून घेतले. शोधताना कळलं की ताईंचा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे. आजच्या बोलण्यात तोच इतिहास तुम्हाला सांगतो.

एक झाड, तीन वस्तू

आधी नावं नीट समजून घेऊ, कारण भांग, गांजा आणि चरस हे शब्द आपण एकमेकांत मिसळतो. झाड एकच. त्याची पानं म्हणजे भांग. ती वाटून, दुधात किंवा गोळी करून खातात-पितात. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्याच फुलोऱ्यातून निघणारा चिकट राळेसारखा पदार्थ म्हणजे चरस. पानात नशा कमी, शेंड्यात जास्त, राळेत सगळ्यात जास्त. जुने शेतकरी नर झाडं उपटून टाकत, म्हणजे मादीला बी धरत नसे आणि फुलोरा तेजदार होत असे. हे शेंडे मुंबई इलाख्यात नगर आणि सातारा भागात पिकवले जात आणि परवान्याच्या दुकानांतून उघड विकले जात. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं.

या झाडात नशा आणणारा मुख्य घटक कोणता, हे कळायला मात्र १९६४ साल उजाडावं लागलं. इस्रायलमधल्या राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढून ओळखला. त्याला थोडक्यात टीएचसी म्हणतात. भांगेचा गोळा असो, चिलीम असो की ती बाटली, मेंदूवर काम करतो तो हाच. मग फरक कशात पडतो? तो शरीरात कुठल्या वाटेनं जातो आणि जाताना सोबत काय घेऊन जातो, यात.

आधी खात होते, मग ओढू लागले

आपल्या भागातलं या झाडाचं एक जुनं आणि तपशीलवार वर्णन गोव्यात छापलं गेलं. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. आपल्या समोरचं मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं. १५६३ साली त्यानं इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं आणि त्यात भांगेवर एक प्रकरण लिहिलं. त्यात तो सांगतो की गुजरातचा सुलतान बहादूरशहा म्हणे, रात्री मला दूरच्या देशांत फिरून यावंसं वाटलं की मी थोडी भांग खातो. ओर्ताच्या लिहिण्यात भांग वाटतात, त्यात सुपारी, साखर, जायफळ असं काहीबाही घालतात आणि खातात. पोटाच्या वाटेनंच ती जाते.

आयुर्वेदातही या झाडाला विजया म्हणतात. आपल्या पनवेलला आयुर्वेदाची मोठी परंपरा आहे. श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना इथे १८७२ साली सुरू झाला. वैद्य लोक भांगेची पानं शुद्ध करून, ठरलेल्या मापात, इतर औषधांबरोबर पोटात देत. माप ठरलेलं, दिवस ठरलेले, समोर रोगी. औषध आणि व्यसन यांच्यातला हा फरक आपण लक्षात ठेवू, कारण "आयुर्वेदात सांगितलंय" हे वाक्य पोरांच्या तोंडी फार असतं.

मग तंबाखू आला. पोर्तुगीजांनी तो दक्षिणेत आणला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो विजापूरच्या बाजारात मिळत होता. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला आला होता. त्यानं तो तिथे पाहिला आणि जडावाच्या नळीसकट १६०४-०५ च्या सुमारास बादशहापुढे ठेवला. दरबारातल्या हकिमानं हरकत घेतली की ज्या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही ती बादशहांनी का ओढावी? अकबरानं दोन-चार झुरके घेतले आणि मग सोडून दिलं. पण सरदारांनी सोडलं नाही, आणि बघता बघता ते वेड देशभर पसरलं. जहांगिरानं १६१७ साली बंदी घातली, ती कुणी फारशी मानली नाही.

याच काळातली एक आख्यायिका आहे. अकबराच्या दरबारातल्या एका हकिमानं म्हणे सुचवलं की धूर आधी पाण्यातून जाऊ द्या, म्हणजे तो शुद्ध होईल. हुक्का असा जन्मला असं सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातली समजूत पाहा. ताईंचा मुलगा जे बोलला तेच त्या काळी दरबारात बोललं जात होतं. तंबाखू ओढायची जी साधनं घराघरांत आली, चिलीम, गुडगुडी, पुढे विडी, त्याच साधनांतून गांजाही ओढला जाऊ लागला.

साहेबांची मोठी चौकशी

१८९३ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाला की हिंदुस्थानात गांजानं लोक वेडे होतात, सरकार त्यावर कर घेतं, हे बरोबर आहे का? त्यावरून सरकारनं आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. वर्षभर हा आयोग प्रांताप्रांतांत फिरला, आपल्या मुंबई इलाख्यातही आला. एकूण १,१९३ साक्षीदार तपासले. डॉक्टर, वैद्य, मामलेदार, जमीनदार, मिशनरी, अबकारीचे लोक. अहवाल तीन हजारांहून जास्त पानांचा झाला.

यातली वेड्यांच्या इस्पितळांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १८९२ साली देशातल्या अशा इस्पितळांत १,३४४ माणसं दाखल झाली. दप्तरात त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण लिहिलं होतं, गांजा-भांग. आयोगानं एकेक प्रकरण उकरलं. अनेकदा रोगी रस्त्यात सापडलेला, नातेवाईक नाहीत, पोलिसाला रकाना भरायचा म्हणून त्यानं गांजा लिहून टाकलेला. छाननीनंतर ९८ प्रकरणं उरली आणि त्यांतही फक्त ६१ अशी, जिथे दुसरं कुठलंच कारण दिसत नव्हतं. म्हणजे भीतीनं आकडा दुपटीहून जास्त फुगवला होता.

पण उलट बाजूही पाहा. छाननी करूनही ६१ माणसं उरलीच. आयोगाचा निष्कर्ष असा, की माफक प्रमाणात घेतल्यास बहुतेकांना फार इजा होत नाही, अतिरेकानं शरीर आणि मन दोन्ही बिघडतात, आणि ओढणाऱ्याला अतिरेकात खोकल्याचा, श्वासनलिकेच्या सुजेचा त्रास होऊ शकतो. गांजात धोतऱ्याचं बी मिसळणं विशेष घातक, हेही पुढे आलं. बंदी नको, कर आणि परवाना ठेवा, असा सल्ला आयोगानं दिला. गांजाचा महसूल सरकारच्या तिजोरीत जात होता, हे आपण विसरू नये.

पुढे १९३९ साली कलकत्त्याचे डॉक्टर रामनाथ चोप्रा यांनी या व्यसनावर मोठा अभ्यास छापला. त्यात खाणारे आणि ओढणारे यांचा फरक स्पष्ट झाला. डोळे कायम तांबारलेले, घसा बसलेला, छातीत कफ, हा त्रास ओढणाऱ्यांकडे जास्त होता.

आता ताईंच्या प्रश्नाकडे

बायांनो, धूर म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आया फुंकणीनं चूल फुंकत आयुष्यभर खोकल्या. ओलं लाकूड असो, गोवरी असो की नारळाच्या झावळ्या, जळतं म्हटलं की डोळे चुरचुरतात आणि छाती भरते. देवापुढचा कापूर आणि चुलीतलं सरपण यांच्यात भाव वेगळा असेल, फुफ्फुसाला तो कळत नाही. गांजाचा पाला जळतो तेव्हाही तेच होतं. त्यातून डांबर निघतं, कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, आणि तंबाखूच्या धुरात असतात तशी कर्करोगाला कारण होणारी कितीतरी द्रव्यं निघतात. तो वायू म्हणजे तोच, ज्याच्यामुळे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये असं आपण म्हणतो.

अमेरिकेत १९८८ साली डॉक्टर डोनाल्ड ताश्किन यांच्या गटानं मोजणी केली. तीच माणसं तंबाखूची सिगारेट ओढतात तेव्हा आणि गांजाची ओढतात तेव्हा शरीरात काय जातं? गांजा ओढताना रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जवळपास पाचपट वाढला आणि आत गेलेलं डांबर तिप्पट भरलं. कारण पाल्यापेक्षा ओढण्याच्या रीतीत होतं. गांजा ओढणारा झुरका मोठा घेतो, खोल घेतो आणि छातीत कोंडून धरतो. त्याला वाटतं जास्त वेळ धरला की नशा जास्त चढेल. खरं म्हणजे टीएचसी पहिल्या काही सेकंदांतच रक्तात उतरतो. पुढचा सगळा वेळ तो फक्त काजळी छातीत बसू देत असतो.

आता एकेक रीत घेऊ.

चिलीम. आखूड नळी, वर निखारा, खाली कोंडलेला मुठीचा श्वास. धूर तोंडात येतो तो गरमच. तळाशी ओलं फडकं गुंडाळतात, कुणी त्याला छापी म्हणतं, कुणी साफी. फडक्यानं राख अडते आणि ओठ भाजत नाहीत, एवढंच. फडकं काळं झालेलं दाखवून "बघा, घाण इथे अडली" म्हणतात. आपण विचारावं, जी अडली ती एवढी, तर जी आत गेली ती किती? शिवाय चिलीम हातोहात फिरते. चारजण एकाच नळीला तोंड लावून बंद खोलीत खोकतात. त्यांत एकाला क्षय असला तर बाकीच्यांना लागायला वेळ नाही.

हुक्का, गुडगुडी आणि ती बाटली. पाण्यानं धूर थंड होतो हे खरं. थंड धूर टोचत नाही, म्हणून झुरका आणखी मोठा घेतला जातो. आपण चहा गाळतो तेव्हा पूड गाळणीत राहते, पण रंग, कस आणि कडूपणा सगळं कपात उतरतं. पाण्यानं धुराचं तसंच होतं. राख आणि थोडं डांबर पाण्यात राहतं, कार्बन मोनॉक्साइड वायू सरळ आत जातो. १९९० च्या दशकात अमेरिकेत यंत्रावर वेगवेगळी साधनं तपासली तेव्हा दिसलं की पाणी डांबर अडवतं त्यापेक्षा नशेचा घटकच जास्त अडवतं. म्हणजे तेवढीच नशा हवी तर जास्त धूर ओढावा लागतो. आणि साधन प्लास्टिकच्या बाटलीचं असेल तर निखाऱ्याच्या आचेनं प्लास्टिक तापतं, त्याची वाफ वेगळी. ताईंना आम्ही हेच उत्तर दिलं. नाही ताई, कमी लागत नाही. कमी टोचतं.

विडी आणि सिगारेट. आतला तंबाखू काढून त्यात गांजा भरतात, किंवा दोन्ही मिसळतात. पानटपरीवर कागदाचे तयार कोन मिळतात, पोरं त्यांना गोगो म्हणतात. इथे दुहेरी तोटा. एक तर गांजाच्या कोनाला गाळणी नसते, फार तर पुठ्ठ्याची गुंडाळी असते. दुसरं म्हणजे तंबाखू. गांजानं फुफ्फुसाचा कर्करोग होतो असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. जे खरं ते सांगावं. पण तंबाखूनं होतो, हे शंभर टक्के सिद्ध आहे. "मी फक्त गांजा ओढतो" म्हणणारा मुलगा रोज तंबाखूही ओढत असतो आणि निकोटिनची चटक त्याला नकळत लागते. पुढे गांजा सुटतो, सिगारेट सुटत नाही.

वाफेचं यंत्र. पेनासारखं दिसतं, वास फारसा येत नाही, दप्तरात लपतं. जाळ नाही म्हणून धूर नाही, म्हणून सुरक्षित, असा नवा दावा. धूर कमी, हे खरं. पण २०१९ साली अमेरिकेत अशा यंत्रात टीएचसीचं भेसळीचं तेल घालून ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ माणसं इस्पितळात गेली, ६८ दगावली. तेलात मिसळलेला व्हिटॅमिन ई ॲसिटेट हा पदार्थ त्याला मुख्यतः कारण ठरला. आपल्या देशात ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणजे जे मिळतं ते चोरून आणि आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही.

खाणं-पिणं. यात धूर नाही, छाती वाचते. पण धोका दुसरीकडे जातो. ओढलेली नशा काही मिनिटांत चढते आणि दोन-तीन तासांत ओसरू लागते. खाल्लेली चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि सहा-आठ तास टिकते. शिवाय यकृतातून जाताना टीएचसीचं रूप बदलतं आणि ते अधिक जोरदार होतं. होळीला किंवा महाशिवरात्रीला काय होतं आठवा. एक पेला घेतला, काहीच वाटेना, म्हणून दुसरा घेतला, आणि मग दोन्ही एकदम चढले. छातीत धडधड, उलट्या, घाबरगुंडी. लहान मुलाच्या हाती असा पेढा किंवा गोळी लागली तर थेट दवाखाना गाठायचा, लिंबूपाण्यात वेळ घालवायचा नाही.

रीत कुठलीही असो, काही गोष्टी सगळीकडे सारख्याच. नाडी जलद होते. ज्याचं हृदय आधीच कमजोर त्याला पहिल्या तासाभरात झटक्याचा धोका वाढतो. वेळेचा आणि अंतराचा अंदाज चुकतो. आपल्या इथे एका बाजूला मुंबई-पुणे रस्ता, दुसरीकडे गोव्याचा महामार्ग. अशा अवस्थेत मोटरसायकलवर बसणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घरात ओढलं तर धूर बाळालाही मिळतो. गरोदरपणी ओढल्यास बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो.

तो गांजा आणि हा गांजा

काही शिकलेले लोक १८९४ चा अहवाल काढून दाखवतात की साहेबांनीच सांगितलंय, माफक असेल तर काही होत नाही. त्यांना दोन उत्तरं द्यायची.

पहिलं, आयोगासमोर होता तो मुख्यतः मोठ्या वयाचा माणूस आणि शेतातला जुना गांजा. आज माल बदलला. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात टीएचसीचं प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्के झालं. चमचाभर तिखटाच्या जागी तीन चमचे, आणि पुडीवर काही लिहिलेलं नाही.

दुसरं, वय. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांवर पंधरा वर्षं नजर ठेवली आणि १९८७ साली निकाल छापला. भरतीच्या वयापर्यंत ज्यांनी पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. याचा अर्थ ओढणारा प्रत्येक मुलगा वेडा होतो असा नाही. बहुतेकांना तो आजार होत नाही. पण ज्या घरात आधी कुणाला असा आजार झालाय, त्या घरच्या मुलासाठी हा जुगार फार महाग आहे. जितक्या लहान वयात सुरुवात, तितका धोका जास्त.

आपल्या देशात किती लोक घेतात? एम्सनं केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली निघाला. वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेली माणसं सुमारे ३ कोटी १० लाख. त्यांतले सुमारे ७२ लाख असे, ज्यांना मदतीची गरज आहे. म्हणजे ताई एकट्या नाहीत. देशातल्या लाखो घरांत अशी एखादी बाटली कपाटात आहे, आणि तितक्याच आया गप्प आहेत.

मग करायचं काय

पहिली भीती असते पोलिसांची. कायदा थोडक्यात सांगतो. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा आणि चरस दोन्हींवर बंदी आहे. पानं त्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं भांगेलाही परवाना लागतो. गांजा बाळगला, प्रमाण एक किलोपर्यंत असलं तरी, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत. तेव्हा "थोडाच आहे, काही होत नाही" हे खोटं. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि उपचार पुरा केला, तर अशा लहान गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालवला जात नाही. हे कलम आपल्या पोरांसाठीच ठेवलेलं आहे, ते ठाऊक असू द्या.

दुसरी भीती असते सोडताना होणाऱ्या त्रासाची. रोज ओढणारा थांबला की एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप नाही, भूक नाही, घाम, वाईट स्वप्नं सुरू होतात. पहिला आठवडा सगळ्यात कठीण. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. या दिवसांत मुलगा ताट ढकलून देईल, दार आपटेल. तो आपला शत्रू झालेला नाही, शरीर मागणं मागतंय. पेज द्या, पाणी द्या, रात्री कुणीतरी जागं असू द्या. खोकला आणि कफ तर ओढणं थांबल्यावर हळूहळू कमी होतो, ही चांगली बातमीही त्याला सांगा.

मदत कुठे? व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा फोन नंबर आहे १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. पुण्यात डॉक्टर अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा महाराष्ट्राला पहिल्यांदा नीट समजलं की व्यसन हा आजार आहे आणि घरच्यांनाही बोलायला जागा लागते. कुठल्याही केंद्रात मुलाला ठेवण्याआधी एवढं पाहा की नोंदणी आहे का, डॉक्टर आहे का, घरच्यांना भेटू देतात का. मारून, बांधून व्यसन सुटत नाही.

आणि घरात कसं बोलायचं? आम्ही गटात यावर बराच वाद घातला. काहीजणींचं म्हणणं, दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात. एका आजींनी सांगितलं, "माझ्या नवऱ्याला मी चाळीस वर्षं शिव्या दिल्या, त्यानं चाळीस वर्षं लपून ओढली." शेवटी असं ठरलं की खोटी भीती घालायची नाही. एका झुरक्यानं वेड लागतं असं सांगितलं आणि मित्राला ते लागलेलं मुलाला दिसलं नाही, की पुढे आपलं खरंही तो ऐकत नाही. त्या जुन्या इस्पितळांच्या दप्तरात हेच झालं होतं. जे सिद्ध आहे तेवढं सांगायचं. तेवढंच पुरेसं आहे.

ताई घरी गेल्या. त्यांनी बाटली मुलासमोर ठेवली, त्यातलं पाणी पांढऱ्या वाटीत ओतलं आणि म्हणाल्या, "हे पाण्यात राहिलं ते. आता तुझ्या छातीत काय राहिलं ते तू सांग." मुलगा उठून निघून गेला. तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "त्या फोनवर नाव सांगावं लागतं का?" तेव्हापासून तो दोनदा समुपदेशनाला जाऊन आलाय. एकदा मधे पुन्हा ओढली, तेही त्यानं स्वतःच सांगितलं. ताई म्हणतात, सुटलं असं मी म्हणणार नाही, पण लपवायचं सुटलंय.

ही गोष्ट ताईंच्या परवानगीनं सांगितली, नाव त्यांनी नको म्हटलं. तुमच्या गटात हा लेख मोठ्यानं वाचा. वाचून झाल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ बसून राहा. कदाचित एखादीच्या पिशवीत काहीतरी असेल आणि ती दार लोटायची वाट बघत असेल.